तिसरा रकाना कोराच राहतो: महाराष्ट्रातल्या विरोधी बाकांवरील खासदारांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षं अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून फेब्रुवारी-मार्चचे दिवस माझे ठरलेले असतात. समोर वही ठेवायची आणि अर्थसंकल्पावरची दोन्ही सभागृहांतली चर्चा ऐकायची. वहीत मी तीन रकाने आखतो. विरोधी बाकांवरून कोण काय बोललं, त्यात आकडा कोणता दिला, आणि त्या आकड्याला मंत्र्यांनी काय उत्तर दिलं. पहिला रकाना भरून वाहतो. दुसरा अर्धा रिकामा असतो. तिसरा जवळजवळ कोराच राहतो.

हे पत्र त्या तिसऱ्या रकान्याबद्दल आहे.

तुम्ही बोलत नाही असं मी म्हणत नाही. महागाईवर बोलता, बेरोजगारीवर बोलता, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर बोलता, आणि ते कळवळून बोलता हे ऐकताना जाणवतं. २०२४ साली महाराष्ट्राने ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीच्या पदरात टाकल्या, तेव्हा संख्या नाही असंही म्हणता येणार नाही. पण सरकारला ज्याचं उत्तर द्यावंच लागेल असा एखादा आकडा, स्वतः शोधलेला आणि स्वतः तपासलेला, फार क्वचित कानावर येतो. तसा आकडा एका माणसाने सभागृहात ठेवला की काय होतं, याचा दाखला आपल्याच लोकसभेत आहे. तुमच्यापैकी अनेकांना तो माहीत असेल. तरी मी तो सविस्तर सांगणार आहे, कारण त्याची गोष्ट सगळे सांगतात, त्यातला हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

मे १९६३ मध्ये राममनोहर लोहिया फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आले. त्याच सुमारास आचार्य कृपलानी अमरोह्यातून आणि स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी राजकोटमधून निवडून आले होते. चीनच्या युद्धाला वर्षही झालं नव्हतं. ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. लोकसभेच्या इतिहासातला तो पहिलाच. ठराव पडणार हे सर्वांना ठाऊक होतं आणि तो ३४७ विरुद्ध ६२ मतांनी पडलाही. त्या चर्चेत लोहियांनी सांगितलं की देशातली साठ टक्के, म्हणजे २७ कोटी माणसं, रोज तीन आण्यांवर जगतात. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण बाजारातला माणूस अजून आण्यांतच हिशेब करत होता, आणि लोहियाही आण्यांतच बोलले.

नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. नियोजन आयोगाचं काम पाहणाऱ्या गुलझारीलाल नंदांनी साडेसात आणे सांगितले. वाद ठरावाबरोबर संपला नाही. सप्टेंबरात लोकसभेत त्यावर पुन्हा चर्चा झाली.

मी फळ्यावर तीन, साडेसात आणि पंधरा हे आकडे लिहायचो आणि मुलांना विचारायचो, यांत खोटं कोण बोलतंय? मुलं हमखास पंतप्रधानांकडे बोट दाखवायची. मग आम्ही गणित करायला बसायचो. पंधरा आणे म्हणजे देशाचं सगळं उत्पन्न भागिले देशातली सगळी माणसं. त्यात गिरणीचा मालकही आला आणि त्याच गिरणीत झाडू मारणाराही. आकडा खरा, पण तो कुणा एकाचाही नव्हे. साडेसात आणे ही खालच्या साठ टक्क्यांची सरासरी होती, मात्र उत्पन्नाची नव्हे, खर्चाची, राष्ट्रीय नमुना पाहणीतून आलेली. लोहियांचे तीन आणे हा त्याच साठ टक्क्यांच्या उत्पन्नाचा त्यांनी केलेला अंदाज होता. तो अंदाज फार खाली गेला होता असं माझं मत आहे. पाहणीच्या आकड्यांशी तो जुळत नाही.

मग लोहिया चुकले का? इथे मी मुलांना चौथा आकडा द्यायचो. १९६२ साली एका कार्यगटाने माणसाच्या किमान गरजांचा हिशेब केला होता. त्यात धनंजयराव गाडगीळ होते, अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते, अशोक मेहता होते, आणि मसानीही होते. त्यांनी सांगितलं की १९६०-६१ च्या किमतींनी माणशी महिन्याला किमान २० रुपये लागतात. शिक्षण आणि आरोग्याचा खर्च त्यात धरलेला नव्हता, तो सरकारने उचलायचा होता. वीस रुपयांचे दिवसाला पावणेअकरा आणे होतात. नंदांचे साडेसात आणे महिन्याला जेमतेम १४ रुपये होतात. म्हणजे लोहियांचा आकडा पूर्ण बाजूला ठेवला आणि सरकारचाच धरला, तरी २७ कोटी माणसांची सरासरी किमान गरजेच्या सहा रुपये खाली होती. सरकार आपला बचाव ज्या आकड्याने करत होतं, त्या आकड्यातच कबुली होती. लोहियांनी तीन आणे म्हटलं नसतं, तर साडेसात आणे सभागृहात कुणी उच्चारलेही नसते.

नेहरूंवर अन्याय नको म्हणून एक सांगतो. वाढलेलं उत्पन्न गेलं कुठे, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. त्यासाठी १९६० मध्येच महालनोबिस समिती नेमली गेली होती आणि तिच्या अहवालाचा पहिला भाग १९६४ मध्ये आला. पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणसाला लागणाऱ्या उष्मांकांपासून सुरुवात करून गरिबीचं मोजमाप केलं. लोहिया तोवर हयात नव्हते. पण 'खालच्या माणसाकडे किती आहे आणि त्याला किती हवं' हा प्रश्न या देशात मोजण्याजोगा झाला, त्यात १९६३ च्या त्या चर्चेचा वाटा मोठा आहे असं मी मानतो. पडलेल्या ठरावातून एवढं निघालं.

आता माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे दिवाळी झाली की वर्ग अर्धा रिकामा होतो. आईबाप ऊसतोडीला जातात आणि पुष्कळदा पोरंही सोबत जातात. बरीच वर्षं झाली, अकरावीतली एक मुलगी आजीजवळ मागे राहिली होती. मी सगळ्यांना घरच्या कमाईचा आणि खर्चाचा हिशेब लिहून आणायला सांगितला होता. तिने कोरा कागद पुढे धरला आणि विचारलं, "सर, मुकादमाकडून घेतलेली उचल कमाईत लिहू का कर्जात?"

मला उत्तर देता आलं नाही. उचल म्हणजे अजून न केलेल्या कामाची मजुरी. नवरा-बायकोचा एक कोयता धरून ती मिळते, आणि मिळाल्या मिळाल्या दवाखान्यात, लग्नात, किराणा दुकानाच्या थकबाकीत जाते. हंगाम संपताना फिटली तर ती मजुरी होती. फिटली नाही तर कर्ज, आणि मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जायचं. त्या घराचा महिन्याचा खर्च पाहणीत दिसतो. तो खर्च कुठून आला, हे दिसत नाही. तीन आणे आणि साडेसात आणे यांच्यामधली फट मला त्या दिवशी नीट समजली. माणूस कमाईपेक्षा जास्त खर्च करून जगतो, तेव्हा मधलं अंतर कुणीतरी व्याजाने भरत असतं. निदान काही भाग तरी.

म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे की बेरोजगारी, महागाई, गरिबी या शब्दांच्या पुढे जा आणि एक आकडा खालून वर आणा. साहित्य हाताशी आहे. मधली काही वर्षं ते नव्हतं, हे मान्य. २०११-१२ नंतर घरगुती खर्चाची पाहणी २०१७-१८ मध्ये झाली, पण नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने दर्जाचं कारण सांगून ती प्रसिद्ध करायची नाही असं ठरवलं. लोकांचा खर्च घटल्याचं त्यात दिसतं, अशी बातमी त्याच महिन्यात वर्तमानपत्रात आली होती. लोहियांकडे १९६३ मध्ये जे होतं, ते एकविसाव्या शतकातल्या खासदाराकडे अकरा वर्षं नव्हतं. त्यासाठी विरोधी बाकांवरून जेवढा हट्ट व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, याची मला आजही खंत वाटते.

पण आता २०२२-२३ आणि २०२३-२४ अशा लागोपाठ दोन पाहण्या प्रसिद्ध झाल्या आहेत. २०२३-२४ ची घ्या. खेड्यात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये, शहरात ६,९९६. मंत्री हेच आकडे सांगतात आणि मागच्यापेक्षा वाढले म्हणून सांगतात. ते खरंही आहे. तुम्ही त्याच अहवालात थोडं खाली उतरा. खेड्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांचा खर्च १,६७७ रुपये आहे, शहरातल्या खालच्या पाच टक्क्यांचा २,३७६. पहिल्या आकड्याला ३० ने भागलं की दिवसाचे ५६ रुपये होतात. त्यात दोन वेळचं जेवण, कपडा, औषध, एसटीचं तिकीट, मोबाइलचं रिचार्ज, पोराची वही, सगळं आलं. मोफत मिळणाऱ्या धान्याची किंमत यात धरलेली नाही. हे तुम्हीच भाषणात आधी सांगून टाका, मंत्र्यांना सांगायला शिल्लक ठेवू नका.

आणखी एका मोहापासून सावध राहा. देशाचं दरडोई उत्पन्न २०२३-२४ मध्ये दिवसाला पाचशे रुपयांच्या आसपास निघालं. पाचशे आणि छप्पन्न शेजारी ठेवले की भाषण रंगेल. ठेवू नका. एक उत्पन्न आहे, दुसरा खर्च. १९६३ चा घोळ तोच होता, आणि आज समोर आकडेवारी जाणणारा मंत्री असेल तर तो एका वाक्यात तुमचं भाषण निकालात काढेल. खर्चाशी खर्चच ताडून पाहा. खेड्यातल्या खालच्या पाच टक्क्यांचे ५६ रुपये, खेड्याच्या सरासरीचे १३७, आणि शहरातल्या वरच्या पाच टक्क्यांचे ६७७. एवढंच बोललात तरी सभागृह शांत होईल. त्यातही श्रीमंत घरं पाहणी करणाऱ्यांना पुरती सापडत नाहीत, तेव्हा वरचा आकडा प्रत्यक्षात याहून मोठाच असणार.

मग तो प्रश्न विचारा, जो विचारायला कुणी धजत नाही. आजच्या किमतीने माणसाला जगायला महिन्याला किती रुपये लागतात असं सरकार मानतं? १९६२ साली या प्रश्नाला २० रुपये असं उत्तर होतं. २०११-१२ साठी अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकरांच्या पद्धतीने खेड्यात ८१६ आणि शहरात १,००० रुपये असं उत्तर होतं. ते फार तोकडं आहे म्हणून देशभर गदारोळ झाला, आणि व्हायलाच हवा होता. २०१४ मध्ये रंगराजन समितीने याहून वरची दारिद्र्यरेषा सुचवली, ती स्वीकारली गेली नाही. तेव्हापासून केंद्र सरकारने रुपयांतली अधिकृत रेषाच आखलेली नाही. एकीकडे २४.८२ कोटी लोक बहुआयामी, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांवरून मोजलेल्या, गरिबीतून बाहेर आले असं निती आयोग सांगतो आणि दुसरीकडे ८१.३५ कोटी लोकांना मोफत धान्याची योजना २०२८ अखेरपर्यंत वाढवली जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण कुठल्या रेषेवरून मोजून, हे सांगायला नको का? धान्य बंद करा असं मी म्हणत नाही, कुणी म्हणूही नये. मोजमाप सांगा, एवढंच.

तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला बोलू कोण देतं? तक्रार रास्त आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित झाले, त्यात महाराष्ट्रातलेही होते. त्याच महिन्यात कांद्याची निर्यातबंदी लागली होती. नाशिक, नगर, पुणे जिल्ह्यांतला शेतकरी लासलगावच्या भावाकडे डोळे लावून बसला होता. संसदेच्या पायऱ्यांवर तुम्ही कांद्याच्या माळा घालून उभे राहिलात, ती छायाचित्रं गावोगाव पोचली. बंदी मे २०२४ पर्यंत चालली, त्यानंतरही किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क होतंच. आज तुम्ही सभागृहात आहात. त्या पाच महिन्यांत शेतकऱ्याच्या हातून किती पैसे गेले आणि शहरातल्या ग्राहकाच्या खिशात खरोखर किती उरले, याचा हिशेब बाजार समित्यांच्या रोजच्या आवकेवरून आणि भावावरून मांडता येतो. माझ्या वहीत तो अजून एकाच्याही नावावर नाही.

आणि २०१८ मध्ये व २०२३ मध्ये तर लोकसभेत एकाही मंत्रालयाच्या खर्चाच्या मागणीवर चर्चा न होता सगळा अर्थसंकल्प गिलोटिनखाली, म्हणजे साऱ्या मागण्या एकदम मताला टाकून, संमत झाला. २०२३ मधला ४५ लाख कोटींचा होता. गदारोळ दोन्ही बाजूंनी होता. अदानी प्रकरणावर चौकशी मागणं तुमचा हक्क होता, त्यावर माझं दुमत नाही. पण ज्या दिवशी चर्चा होत नाही त्या दिवशी सरकारचं काय जातं? सगळ्या मागण्या आयत्या मंजूर होतात. कपात सूचनेचं हत्यार तुमच्या हातात आहे. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा अशी सूचना देता येते, एखादी नेमकी तक्रार मांडायची तर शंभर रुपये कमी करा अशी. या सूचना मतदानात पडतात, हे ठाऊक आहे. कृपलानींचा ठरावही पडलाच होता.

ज्यांना मतदानाचाही अधिकार नव्हता त्यांनी काय केलं, तेही पाहा. गोपाळ कृष्ण गोखले मार्च १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना चर्चा करता येई, मत देता येत नसे. तिजोरीत मोठी शिल्लक होती आणि सगळे सरकारचं अभिनंदन करत होते. गोखल्यांनी सांगितलं की या अभिनंदनात मला सामील होता येत नाही. रुपयाचा भाव पडत होता तेव्हा तूट भरायला म्हणून जे कर बसवले, ते रुपया सावरल्यावरही चालूच आहेत, म्हणून ही शिल्लक दिसते. रयत भरडली जात असताना शिल्लक असणं हीच चूक आहे. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. सगळं श्रेय एका माणसाला देणं बरोबर नाही, पण दरवर्षी मार्चमध्ये उठून तोच हिशेब नव्या आकड्यांनिशी मांडणारा माणूस समोर होता, हे विसरता येत नाही.

या भाषणांमागे आणखी एक माणूस होता. गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरच्या शाळेचे मुख्याध्यापक. सरकारी आकडेवारी त्यांच्याइतकी कोळून प्यायलेला माणूस तेव्हा देशात क्वचितच असेल. गोखले अर्थसंकल्पाची कागदपत्रं त्यांच्याकडे धाडत आणि जोशींची टिपणं घेऊन कलकत्त्याच्या सभागृहात उभे राहत. शाळामास्तर आणि सभासद अशी ती जोडी होती. माझ्या पेशातल्या माणसाला याचा अभिमान वाटतो, तो लपवत नाही.

असे जोशी आजही महाराष्ट्रात आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयांत आहेत, कृषी विद्यापीठांत आहेत, निवृत्त होऊन घरी बसलेल्या बँकेच्या अधिकाऱ्यांत आहेत. तुमच्या कार्यालयातून त्यांना कुणी फोन करत नाही. काही वर्षांपूर्वी एका खासदारांना मी आमच्या भागातल्या ऊसतोड कुटुंबांच्या खर्चाचं सहा पानी टिपण नेऊन दिलं होतं. त्यांनी आदराने बसवलं, चहा दिला आणि टिपण स्वीय सहायकाच्या हाती दिलं. त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. मला राग नाही. पण ती सहा पानं लिहायला दोन हंगाम लागले होते.

तेव्हा येत्या अधिवेशनासाठी एवढं कराल का? पक्ष बाजूला ठेवून तुमच्यापैकी तिघा-चौघांनी एकेक विषय वाटून घ्यावा आणि पाच वर्षं तो सोडू नये. ऊसतोड मजूर, कांदा, विदर्भातला कापूस, मुंबई-ठाण्यातलं घरभाडं. महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कितीतरी वर आहे असं दिल्लीत ऐकवलं जातं, तेव्हा त्यात मुंबई, ठाणे, पुणे किती आणि नंदुरबार, गडचिरोली, वाशीम किती, हे राज्याच्याच आर्थिक पाहणीतून वाचून दाखवा. अनुशेष, म्हणजे मागास भागांच्या विकासातली तूट, हा शब्द याच राज्यात रुजला. १९८४ मध्ये दांडेकरांच्याच समितीने तो ३,१८६ कोटी रुपये मोजून दाखवला होता. आकडा चुकला तर सभागृहात उभं राहून दुरुस्त करा, त्याने कुणाची मान खाली जात नाही. आणि हवं तर मराठीत बोला, भाषांतराची सोय आहे. उचल, कोयता, मुकादम हे शब्द कामकाजाच्या नोंदीत तसेच जाऊ द्या.

२०२३-२४ च्या पाहणीतले तक्ते मी मराठीत उतरवून ठेवले आहेत, रोजच्या रुपयांत, पाच-पाच टक्क्यांच्या गटांनुसार. ज्यांना हवेत त्यांना पाठवीन. सोबत एका तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाचा मसुदा जोडला आहे, सांख्यिकी मंत्रालयासाठी. नोटीस पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून पत्र आत्ताच धाडतो आहे. प्रश्न एवढाच आहे: घरगुती खर्चाच्या पाहणीत ऊसतोड मजुराने घेतलेली उचल कमाईत धरली जाते की कर्जात, आणि धरली जात नसेल तर का?

ती मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे. उत्तर आलं की मला तिला कळवायचं आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
जिल्हा बीड